आमचा रशियन भाषेचा अभ्यास

"विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असें कांहीं तरी लिहून द्या," असा प्रेमळ आग्रह वार्षिकाच्या संपादकांकडून झाला, तेव्हां आम्ही मोठ्या पेंचांत पडलों. 32 वर्षें मराठी शिकविण्यांत घालविल्यावर उपदेश करण्याची संवय हाडीं खिळते. परंतु उपदेश ऐकण्याची हौस मुलांना नसते, हेंही त्याच 32 वर्षांत आम्हीं चांगलें ओळखलें आहे. म्हणून या खेपेस उपदेश बाजूस ठेवून आमच्या एका फजितीची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. वयाच्या 65 व्या वर्षीं, करडीसारख्या खेड्यांत बसून, मोबाइलावरील ॲपाच्या साहाय्यानें आम्ही रशियन भाषा शिकूं लागलों, त्याचीच ही हकीकत होय.

मोहाडी तालुक्यांतील आमचें करडी म्हणजे धानाचा मुलूख. पावसाळ्यांत चिखलणी आणि रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, आणि उरलेल्या दिवसांत तलावाच्या पाळीवर गप्पा, असा येथील क्रम. "गुरुजी, या वयांत रशियन शिकून बोलणार कोणाशीं? बैलांशीं?" असें पाळीवरच्या मंडळींनीं विचारलें, तें अगदींच गैर नव्हतें. तथापि रशियाचा आणि आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाहीं. व्होल्गा नदीवरील त्वेर शहरचा अफानासी निकितिन नांवाचा व्यापारी पंधराव्या शतकांत आपल्या कोंकणांतील चौल बंदरीं उतरला, जुन्नरास त्यानें पावसाळा काढला, आणि जें पाहिलें तें लिहून ठेविलें. आपल्या भंडारा जिल्ह्यांतून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग पुढें ज्या भिलाईस पोहोंचतो, तेथील पोलादाचा कारखाना 1955 सालच्या करारान्वयें सोव्हिएट संघाच्या मदतीनें उभा राहिला आणि 1959 सालीं त्याची पहिली भट्टी सुरू झाली. आमच्या स्वतःच्या बालपणीं मॉस्कोंत छापलेलीं मराठी पुस्तकें अल्प किंमतींत मिळत. जाड कागद, रंगीत चित्रें, आणि शेवटच्या पानावर बारीक टाइपांत कांहीं अगम्य अक्षरें! गोष्ट संपली कीं आम्ही त्या अक्षरांकडे टक लावून पाहत असूं. तेथें काय लिहिलें असेल, हें सांगणारें आमच्या गांवांत कोणीच नव्हतें. पुढें 1991 सालीं सोव्हिएट संघ विसर्जित झाला, तशीं तीं पुस्तकें यावयाचीं थांबलीं, आणि आमचें कुतूहलही एका लांकडी पेटींत पुस्तकांबरोबर बंद झालें.

तें कुतूहल पुन्हां जागें झालें तें मात्र चैनीखातर नव्हे. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या बारावी उत्तीर्ण झाली. तिला वैद्यकीय शिक्षणाची फार ओढ. सरकारी महाविद्यालयांत जागा मिळण्याइतके गुण नव्हते आणि खाजगी महाविद्यालयाची फी आमच्या आवांक्याबाहेरची होती. अशा वेळीं पुष्कळ घरीं घडतें तेंच आमच्याही घरीं घडलें. रशियाचें नांव निघालें. 2022 च्या फेब्रुवारींत युद्धामुळें युक्रेनमधून आपलीं मुलें कशीं परतलीं, हें सर्वांनीं पाहिलेलें होतें. त्यामुळें घरांत आठ दिवस अन्न गोड लागलें नाहीं. अखेरीस मुलीचा निश्चय पाहून बंधूंनीं तीन एकरांची बांधी गहाण टाकण्याचें ठरविलें.

व्यवस्था पाहणाऱ्या एका मध्यस्थानें बंधूंना धीर दिला. "शिक्षण इंग्रजींतून आहे, भाषेची चिंता नको. मोबाइलांत एखादें ॲप घाला. दोन महिन्यांत रशियन येईल." पहिला भाग खरा होता. आपल्याकडील 2021 सालच्या नियमांप्रमाणें परदेशांतील हा अभ्यासक्रम निदान 54 महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, व त्याच संस्थेंत आणखी 12 महिने उमेदवारी करावी लागते. परंतु आमच्या मनांत एक साधी शंका आली. पुस्तक इंग्रजी असेल, अध्यापक इंग्रजींत शिकवील. पण खाटेवरचा रोगी इंग्रजींत कण्हेल काय? ज्याचें पोट दुखतें तो आपल्या आईच्याच भाषेंत विव्हळणार. तें विव्हळणें जिला समजणार नाहीं, ती त्याचें औषध काय करणार? बंधूंची बांधी गहाण पडत होती ती केवळ पदवीसाठीं नव्हे, तर मुलगी खरोखर डॉक्टर व्हावी म्हणून पडत होती. तेव्हां, "तिला सोबत म्हणून आम्हीही शिकतों," असें आम्हीं जाहीर केलें, आणि त्याच संध्याकाळीं पुतणीनें दोघांच्याही मोबाइलांत एकच ॲप घालून दिलें.

अशीं ॲपें आज पुष्कळ आहेत. अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें निर्माण झालेलें ड्युओलिंगो 2012 सालीं सर्वांस खुलें झालें आणि 2015 मध्यें त्यांत इंग्रजी जाणणाऱ्यांसाठीं रशियनचे पाठ आले. आम्हीं घेतलेल्या ॲपाचें नांव मात्र येथें देत नाहीं. कारण पुढें जी फजिती सांगावयाची आहे, तिचा मोठा वांटा आमच्याच पदरीं पडतो.

आरंभ फार सुखाचा झाला. रशियन वर्णमालेंत 33 अक्षरें. नवव्या शतकांत सिरिल व मेथोडियस या दोघां भावांनीं स्लाव्ह लोकांसाठीं प्रथम एक लिपि बनविली. पुढें त्यांच्या शिष्यपरंपरेंत आजची लिपि तयार झाली आणि सिरिलच्या नांवानें ती प्रसिद्ध झाली. तीं अक्षरें मोठीं ठक आहेत! इंग्रजी 'बी'सारखें जें दिसतें त्याचा उच्चार 'व'. 'एच'सारखें दिसतें तें 'न'. 'पी'सारखें तें 'र'. आणि 'सी'सारखें तें 'स'. उपाहारगृहाच्या पाटीवरील 'रेस्तोरान' हा सरळ शब्द इंग्रजी डोळ्यांनीं वाचावयास गेल्यास 'पेक्टोपाह' असें कांहीं तरी होऊन बसतें. परंतु ॲप एकेक अक्षर दाखवी, त्याचा उच्चार स्वच्छ ऐकवी, चुकल्यास न रागावतां पुन्हां विचारी. पंधरा दिवसांत आम्ही वाचूं लागलों. इतकी सहनशीलता आमच्या 32 वर्षांच्या नोकरींत आमच्या अंगीं कधीं आली नव्हती, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करितों.

उच्चाराच्या बाबतींत तर ॲपाचे उपकार मोठे. रशियन भाषेंत शब्दाच्या कोणत्या अवयवावर जोर द्यावयाचा, हें लिहिलेलें नसतें, आणि जोर सरकला कीं अर्थही सरकतो. 'झामक' म्हणजे किल्ला आणि 'झमोक' म्हणजे कुलूप. लिहावयाचे मात्र दोन्ही अगदीं एकसारखे. शिवाय जोर नसलेला 'ओ' हा 'अ' सारखा ऐकूं येतो. लिहावें 'मोलोको' आणि म्हणावें 'मलको', म्हणजे दूध. हें छापील पुस्तकावरून कळणें कठीण. ज्या गांवांत रशियन बोलणारा एकही मनुष्य नाहीं, तेथें कानाशीं असा आवाज हवा तितक्या वेळां येतो, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

आतां फजितीकडे वळूं. ॲपांत दररोज एक तरी पाठ केला म्हणजे पडद्यावर एक ज्योत पेटे आणि तिच्या शेजारीं सलग दिवसांची संख्या दिसे. एक दिवस चुकला कीं ज्योत विझे आणि संख्या शून्यावर येई. वाचकहो, त्या ज्योतीनें आम्हांस पार वेडें केलें. गांवांत वीज जाई, मोबाइलाची रेंज जाई. मग आम्ही गच्चीवर चढूं, प्रसंगीं तलावाच्या पाळीवर जाऊन हात उंच करून उभे राहूं. तुमसर येथें आप्तांकडील लग्नांत मध्यरात्रीस पंधरा मिनिटें उरलीं असतां, मांडवाच्या मागें खुर्च्यांच्या ढिगाआड बसून आम्हीं तो दिवस वांचविला. आमच्या कुटुंबानें आम्हांस शोधून काढलें तेव्हां आम्ही एकाग्र चित्तानें "घोडा सफरचंद खातो" हें वाक्य जुळवीत होतों.

याच्या उलट पुतणीची ज्योत विसाव्या दिवशींच विझली. आम्हीं तिला चांगलेंच रागें भरलों. "तुझ्या बाबांनीं बांधी गहाण टाकली आणि तुला दिवसाची दहा मिनिटें निघत नाहींत? आमचे बघ, 90 दिवस झाले!" ती कांहीं बोलली नाहीं. एका शंभर पानी वहींत ती रोज कांहीं तरी लिहीत बसे. तें शरीरशास्त्राचें टिपण असावें, असा आमचा समज होता.

आमच्या अभ्यासाच्या 104 व्या दिवशीं परीक्षेचा प्रसंग आला. तुमसर भागांतील एक विद्यार्थी व्होल्गाकाठच्या एका शहरीं वैद्यकीय शिक्षण घेत आहे. त्यानें चित्रफोन लावला आणि बोलतां बोलतां आपल्या वसतिगृहाच्या दाराशीं बसणाऱ्या एका वृद्ध रखवालदार बाईंच्या हातीं तो दिला. डोक्याला रुमाल, प्रसन्न चेहरा. त्यांनीं 'झ्द्रास्त्वुइते' असें अभिवादन केलें, ज्याचा मूळ अर्थ 'निरोगी असा' असा आहे, आणि विचारलें, "काक वास झवूत?" हें आम्हांस कळलें. आम्हीं आपलें नांव सांगितलें. सर्व घर आमच्याकडे कौतुकानें पाहत होतें. मग आम्हीं छाती पुढें काढून उलट प्रश्न केला, "आ तिब्या काक झवूत?"

बाई क्षणभर गप्प झाल्या, मग खो खो हंसूं लागल्या. आमच्या हातांतील मोबाइल हळूच घेऊन पुतणीनें त्यांची क्षमा मागितली, आणि आम्हीं केलेला प्रश्न एक शब्द बदलून पुन्हां केला. त्यानंतर दोघी पांच मिनिटें अडखळत, हातवारे करीत, पण एकमेकींस उत्तरें देत बोलल्या. त्या पांच मिनिटांत आम्हांस चार शब्दांपलीकडे कांहीं समजलें नाहीं.

फोन संपल्यावर पुतणी म्हणाली, "मोठेबाबा, तुम्ही त्या आजीबाईंना 'तुला काय म्हणतात' असें विचारलें. 'वास' म्हणजे तुम्हांला आणि 'तिब्या' म्हणजे तुला. परक्या वृद्ध बाईंना आपण असें म्हणतों का?"

आम्ही खजील झालों. जन्मभर मुलांना 'तू' आणि 'तुम्ही' यांचा विवेक शिकविणारे आम्ही! हें झालें कसें? कारण सरळ होतें. आमच्या ॲपांतील पाठांचें माध्यम इंग्रजी होतें. इंग्रजींत 'तू' आणि 'तुम्ही' दोहोंस एकच शब्द. पडद्यावर खालीं शब्दांच्या चौकटी मांडलेल्या असत. त्या बोटानें उचलून ओळींत लावल्या कीं गुण मिळत. समोर असलेल्या चौकटींतून बरोबर ती ओळखणें आणि समोर कांहीं नसतांना शब्द आठवणें, या दोन गोष्टी अगदीं भिन्न आहेत. आम्हीं 104 दिवस ओळखण्याचा अभ्यास केला होता, आठवण्याचा नव्हे. आणि माणसाशीं बोलण्याचा तर मुळींच नव्हे.

मग तिनें ती शंभर पानी वही आमच्यापुढें ठेविली. वाचकहो, ती वही पाहून आमच्या डोळ्यांत पाणी आलें, हें लपविण्याचें कारण नाहीं. पहिल्या पानावर तिनें लिहिलें होतें: 'इंग्रजी मधून काढून टाकावें.' पुढें तिनें रशियन भाषा आमच्याच शाळेंत शिकलेल्या मराठी व्याकरणाच्या चौकटींत बसविली होती.

इंग्रजीच्या दारानें गेल्यास रशियन भाषेंतील ज्या गोष्टी डोंगराएवढ्या वाटतात, त्यांपैकीं कितीतरी मराठी मुलाच्या अंगणांतल्याच आहेत. रशियनमध्यें तीन लिंगें, आपल्याकडेही तीनच. रशियनमध्यें सहा विभक्ति. आपण शाळेंत आठ पाठ केल्या आहेत. पुतणीनें तक्ता मांडला होता: प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी आहेत, पंचमी आणि संबोधन यांना निराळें रूप नाहीं, पंचमीचें काम षष्ठीच्या रूपामागें शब्दयोगी लावून होतें, मात्र तो शब्द नामाच्या आधीं येतो. 'रुका' म्हणजे हात, 'रुकोय' म्हणजे हातानें, 'व रुके' म्हणजे हातांत. "हें माझें घर" असें आपण 'आहे' न घालतां म्हणूं शकतों. रशियन मनुष्यही 'एतो मोय दोम' एवढेंच म्हणतो. 'काक वास झवूत' याचा शब्दशः अर्थ 'तुम्हांला काय म्हणतात' हाच. आपल्या तोंडचेंच वाक्य!

सर्वांत मौज 'मला' या शब्दाची. इंग्रज म्हणतो 'मी थंड आहें', 'मी आवडतों अमुक'. आपण म्हणतों 'मला थंडी वाजते', 'मला आवडतें'. रशियन मनुष्य अगदीं आपल्यासारखाच, 'म्न्ये खोलदना' म्हणजे मला थंड वाटतें, 'म्न्ये न्रावित्सा' म्हणजे मला आवडतें, असें म्हणतो. आमच्या ॲपांत हीं वाक्यें अपवाद म्हणून घोकावीं लागत होतीं. वहींत तीं एका ओळींत सुटलीं होतीं: 'जेथें मराठींत मला, तेथें बहुधा म्न्ये.'

नांवाचाही प्रकार तसाच. आपल्या शाळेच्या दाखल्यावर नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव असे तीन भाग असतात. रशियांतील अर्जावरही तेच तीन. वडिलांच्या नांवास प्रत्यय लागतो. इव्हानची मुलगी ती इव्हानोव्ना. मोठ्या माणसास आदरानें हांक मारावयाची तर त्याचें नांव व वडिलांचें नांव मिळून म्हणावयाचें. म्हणजे त्या आजीबाईंशीं आम्हीं दोन अपराध केले होते!

वहीच्या एका पानावर नातलग शब्द होते. माता ती 'मात', भ्राता तो 'ब्रात', द्वार तें 'द्व्येर', नभ तें 'न्येबो', धूम तो 'दीम', मधु तो 'म्योद', आणि नवऱ्याचा भाऊ जो आपला दीर, संस्कृतांत देवर, तो 'द्येवेर'. सर विल्यम जोन्स यांनीं 1786 सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका मूळ झऱ्यापासून निघाल्या असाव्यात असें सांगितलें; रशियनही त्याच कुळांतील. परंतु एवढ्यावरून प्रत्येक सारख्या शब्दास भाऊ समजूं नये. रशियन 'चाय' आणि आपला चहा सारखे दिसतात, ते दोघेही चीनकडून आलेले पाहुणे होत.

अर्थात् मराठीनें सर्वच दारें उघडत नाहींत. करडीहून मोहाडीस पायीं गेलों काय आणि मोटारीनें गेलों काय, आपण 'गेलों' एवढेंच म्हणतों. रशियांत पायीं जाण्याचा धातु 'इद्ती' आणि वाहनानें जाण्याचा 'येखत' असे निराळे. एक घर 'दोम', दोन, तीन व चार घरें असल्यास 'दोमा', आणि पांच झालीं कीं 'दमोव'! असल्या ठिकाणीं पाठांतराशिवाय गति नाहीं, आणि पाठांतरासाठीं तिनें एक युक्ति केली होती, ती विद्यार्थ्यांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावी.

घरांत जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडलेला होता. त्यांच्या कोऱ्या पाठी कापून तिनें चिठ्ठ्या केल्या. एका अंगास मराठी शब्द, दुसऱ्या अंगास रशियन. मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे पांच कप्पे केले. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यांत. ती रोज पाहावयाची. उत्तर बरोबर आलें कीं चिठ्ठी पुढच्या कप्प्यांत जाई, आणि तो कप्पा अधिक दिवसांच्या अंतरानें उघडावयाचा. चुकलें कीं चिठ्ठी, ती कोणत्याही कप्प्यांत असो, परत पहिल्यांत. ही रीत सेबास्टियन लाइटनर यांनीं 1972 सालीं आपल्या पुस्तकांत सांगितली. तिच्या मुळाशीं जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांचे 1885 सालीं प्रसिद्ध झालेले स्मरणशक्तीवरील प्रयोग आहेत. शिकलेलें आरंभीं झपाट्यानें विसरतें, आणि विसरूं लागण्याच्या सुमारास पुन्हां आठविलें तर तें अधिक काळ टिकतें. 2006 पासूनचें अँकी नांवाचें ॲप हेंच काम मोबाइलावर करितें. खोकें असो कीं ॲप असो, मर्म एकच: उत्तर उलटून पाहण्यापूर्वीं तें आपल्या डोक्यांतून निघालें पाहिजे. इतिहासाच्या सनावळीस आणि रसायनशास्त्राच्या सूत्रांसही ही रीत तशीच लागू पडते.

"हें सर्व तू आम्हांस पूर्वीं कां सांगितलें नाहींस?" आम्हीं विचारलें.

"तुमची ज्योत फार छान चालली होती, मोठेबाबा," ती म्हणाली, आणि दोघेही हंसलों. परंतु त्या हंसण्यांत आम्हांस बोचलें तें बोचलेंच. मुलीला आम्हीं ज्या आंकड्यावरून रागें भरलों, तो आंकडा आमच्या शिकण्याचा नव्हता, केवळ हजेरीचा होता. शाळेंत हजेरीपटावर शंभर टक्के असलेला आणि वर्गांत डोळे उघडे ठेवून झोपणारा विद्यार्थी आम्हीं पाहिला नव्हता काय? तोच विद्यार्थी आम्ही झालों होतों.

त्यानंतर आमची व्यवस्था बदलली. ॲप टाकून दिलें नाहीं. अक्षर, उच्चार आणि श्रवण यांसाठीं रोज पंधरा मिनिटें तें ठेविलें. विभक्ति वहींतून आणि शब्द खोक्यांतून. आणि दर रविवारीं त्या आजीबाईंशीं दहा मिनिटें बोलणें. त्या मोबदल्यांत पुतणी त्यांस कांहीं मराठी शब्द सांगे. 'नमस्कार' आणि 'जेवलांत का' हीं दोन वाक्यें त्यांना फार आवडलीं. पूर्वीं हेरासिम लेबेदेफ नांवाचा एक रशियन वादक 1785 सालीं मद्रासेस उतरला आणि पुढें कलकत्त्यास गेला. तेथें गोलोकनाथ दास या शिक्षकापाशीं तो बंगाली शिकला, आणि 1795 सालीं त्यानें बंगाली नाटक रंगभूमीवर आणलें. भाषा माणसापासून माणसाकडे अशीच जाते. एके रविवारीं आजीबाईंशीं बोलणें लांबलें, पाठोपाठ वादळ होऊन वीज गेली, आणि आमची 131 दिवसांची ज्योत विझली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो शून्याचा आंकडा पाहून आपणांस वाईट वाटेल असें आम्हांस वाटलें होतें. वाटलें नाहीं.

गेल्या वर्षीं पुतणी रशियास गेली. नागपूरच्या विमानतळावर बंधू तिला एकच गोष्ट पुन्हां पुन्हां विचारीत होते, "तिथें तुझें म्हणणें लोकांना समजेल ना?" त्या प्रश्नांत तीन एकरांची बांधी होती, आणि बांधीहून मोठी अशी बापाची काळजी होती. आम्हांस त्याचें खात्रीचें उत्तर देतां येईना.

उत्तर हिंवाळ्यांत आलें. एके रात्रीं तिचा फोन आला. आवाज बसलेला. तिला ताप आला होता आणि ती एकटीच दवाखान्यांत जाऊन आली होती. बंधूंचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरीणबाईंनीं विचारलें, 'श्तो उ वास बलीत?' म्हणजे तुमचें काय दुखतें? मी सांगितलें, 'उ मिन्या बलीत गोरला', माझा घसा दुखतो. त्यांना समजलें. मग त्या म्हणाल्या, 'पकाझिते यझीक.' यझीक म्हणजे भाषा हें मला ठाऊक होतें. मला वाटलें, बाई माझी भाषा दाखवायला सांगतात! मी आपली बोलूंच लागलें. त्या हंसूं लागल्या आणि त्यांनीं स्वतःची जीभ बाहेर काढून दाखविली. यझीक म्हणजे जीभही, बाबा!" बंधू त्या रात्रीं कित्येक महिन्यांनंतर मोकळेपणानें हंसले. ती अजून पहिल्याच वर्षांत आहे. पुढचा मार्ग लांब आहे. परंतु ज्या दिवशीं ती स्वतः कोणा रोग्यास 'तुमचें काय दुखतें' असें विचारील, त्या दिवशीं त्याचें उत्तर तिला समजेल, असा भरंवसा आतां आम्हांस वाटतो.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलाच्या हातीं ॲप दिलें म्हणजे भाषा दिली असें समजूं नये, आणि पडद्यावरील आंकड्यावरून त्यास शाबासकी अथवा शिक्षाही देऊं नये. विद्यार्थ्यांस आम्ही एवढेंच सांगूं कीं, परकी भाषा शिकण्याचें तुमचें पहिलें साधन तुमच्या तोंडांतच आहे. मराठी व्याकरणाचा तास कंटाळवाणा वाटतो खरा. तो आम्हींच कंटाळवाणा केला असेल. परंतु ती 'स, ला, ते' ची पोपटपंची व्होल्गेच्या कांठीं कोणाच्या उपयोगीं पडेल, हें आम्हांस तरी कोठें ठाऊक होतें?

शेवटीं आमच्या लांकडी पेटीविषयीं. पुतणी गेल्यावर एके दुपारीं आम्हीं ती उघडली. वाळवीनें दोन पुस्तकें खाल्लीं होतीं. एक शाबूत होतें. आम्हीं शेवटचें पान उघडून चष्मा पुसला आणि पन्नास वर्षांपूर्वीं ज्या अक्षरांकडे नुसते पाहत बसत होतों, तीं एकेक करून वाचलीं. 'ना यझिके मरात्खी.' यझीक म्हणजे भाषा; 'यझिके' ही तिची सप्तमी. म्हणजे, 'मराठी भाषेंत.'